चार वाजून दहा मिनिटांचा शिक्का

१

फादर इरिमिया मेलेल्यांची नावं वाचत होते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्रिफोन गायक ‘स्मरण चिरंतन राहो’ हा चरण आळवत होता. पेंटेकॉस्टच्या सणाआधीचा शनिवार म्हणजे रोगोझ गावात पितरांचा दिवस. चर्चच्या फरशीवर बायकांच्या टोपल्या ओळीनं मांडलेल्या. टोपलीत मातीचा नवा मग, चेरी, गोल पाव, साखर-अक्रोड घालून शिजवलेले गहू आणि वर एक पेटती मेणबत्ती. प्रार्थना संपली की मगात वाइन भरून तो कुणा जिवंत माणसाच्या हातात द्यायचा, गेलेल्याच्या नावानं.

निवृत्त पोस्टमास्तरीण प्रोफिरा नेहमीच्या खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. छत्तीस वर्षं तिनं या पाणथळ मुलखाचं टपाल सांभाळलं, पण जन्मात जे काही गोड कानी पडलं ते याच खांबापाशी, असं ती सांगायची. त्रिफोन गायला लागला की आपली माणसं मेली आहेत असं वाटतच नसे. पलीकडच्या खोलीत बसलीत, दार तेवढं लोटलेलं आहे, इतकंच. म्हणून तर ते फक्त तिला कळलं.

“अनिसिया,” फादरांनी टॅबलेटवरून वाचलं, आणि मागं धरलेला त्रिफोनचा सूर मध्येच चिरकला. प्रोफिरानं डोळे उघडले.

“पामफिल,” फादर वाचून गेले. “मित्रोफान...”

मग ते थांबले. मेणबत्त्या चरचरत होत्या, तेवढाच आवाज.

पामफिल नावाचा माणूस त्या टापूत एकच होता. सहा हिवाळ्यांपूर्वी तो तलावात जाळी काढायला गेला. होडी उलटी सापडली, तो सापडला नाही. त्याची आई सावेता दर रविवारी त्याचं नाव जिवंतांच्या यादीत वाचून घ्यायची, आणि त्याच्यासाठी ‘उदंड आयुष्य लाभो’ गायला लावायची. आजही तिच्या टोपलीत एकच मग होता, नवऱ्याच्या नावाचा.

फादरांनी घाईघाईनं जिवंतांची यादी उघडली. तिथं पामफिल नव्हता. कुणीतरी त्याला तिथून उचलून इकडं आणून ठेवला होता.

सावेता रडली नाही की ओरडली नाही. शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडं वळून ती म्हणाली, “यादी तू टाइप करतेस, रुक्सांद्रा. नवरा मारायला तुला हीच जागा सापडली?”

“आई, मी नाही.”

“आई म्हणू नकोस. उद्या बाराच्या बोटीनं जा. ट्रंक मी स्वतः बांधीन.”

रुक्सांद्रा अनाथाश्रमात वाढलेली. ‘आई’ हा शब्द ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्यांदा बोलली होती. नवरा गेल्यावरही ती कुठं गेली नाही, सहा वर्षं सासूचे पाय चेपत, सरपण फोडत राहिली. आता तो शब्दच काढून घेतला गेला होता, आणि हातात उरले होते चोवीस तासांहून थोडे जास्त.

२

“तू बघ प्रोफिरा,” फादर म्हणाले. “माझं डोकं चालत नाही. पोरगी निर्दोष असेल तर उद्या बोटीत बसता कामा नये.”

चर्चच्या कचेरीत ग्रामकचेरीचा कारकून लुचियान आधीच कॉम्प्युटरसमोर बसला होता. चर्चच्या जुन्या वह्यांची ही यादी त्यानंच दोन वर्षांपूर्वी नेटवर चढवून दिली होती. एकच यादी, एकच खातं. कचेरीतल्या कॉम्प्युटरवर उघडा नाहीतर फादरांच्या टॅबलेटवर, दिसणार तेच. रोगोझमध्ये नेट मिळायचं दोनच ठिकाणी, कचेऱ्यांच्या या चौकात आणि बोटीच्या धक्क्यावर. चर्चमध्येसुद्धा नाही.

“कोणी कधी काय बदललं त्याची नोंद राहते, काकू,” लुचियान म्हणाला. “ही बघा. शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं. आणि शुक्रवारी चार वाजता या खुर्चीत कोण होतं ते अख्ख्या गावानं पाहिलंय.”

खरंच पाहिलं होतं. शुक्रवारी तीनपासून सहापर्यंत बायका आपापली नावं घेऊन येत होत्या आणि रुक्सांद्रा एकटी टाइप करत होती. कचेरीची दुसरी किल्ली कुणाकडं नव्हती.

“तू कुठं होतास रे चारला?”

लुचियान हसला. “मी पंचायतीच्या सभेत. अकरा साक्षीदार आहेत, त्यातले दोन जागेसुद्धा होते.”

हा विनोद तोंडावर करत असताना त्याची नजर मात्र स्क्रीनवरून हलत नव्हती. रुक्सांद्राला त्यानं दोनदा मागणी घातली होती आणि दोन्ही वेळा ती नाही म्हणाली होती, हे प्रोफिराला ठाऊक होतं. सासूनं हाकललेली बाई कुणाच्या दाराशी येईल, याचा हिशेब मनात मांडायला माणूस फार दुष्ट असावा लागत नाही.

“मशीन खोटं बोलत नाही, काकू.”

प्रोफिरा दाराकडं वळली. पण बाहेर पडताना तिच्या मनात एक गोष्ट सलत होती. सूर चिरकला होता ‘अनिसिया’ला. पामफिलचं नाव तर त्यानंतर आलं.

३

सावेताच्या अंगणात ट्रंक खरोखरच उघडी पडली होती. म्हातारी आत भिंतीकडं तोंड करून पडली होती. स्वयंपाकघरात रुक्सांद्रा मासे साफ करत होती, सासूसाठी आंबट रस्सा करायचा म्हणून. उद्या जाणारी बाई आज रात्रीचं जेवण चुकवत नव्हती. चुलीवरच्या खुंटीला निळ्या काठाचा, कान तुटलेला एक मग टांगलेला होता. पामफिलचा. सहा वर्षं त्यातून कुणी प्यालं नव्हतं, पण रोज धुतला जात होता.

“तुझ्या मनात आलं होतं का गं कधी, तो गेला असं?” प्रोफिरानं विचारलं.

सुरी थांबली. “दररोज येतं, काकू. पण मनात येणं निराळं आणि लिहिणं निराळं. ती रोज हा मग धुते. माझ्या हातून कसं लिहिलं जाईल?”

मग प्रोफिरानं यादी कशी बनते ते विचारलं, आणि रुक्सांद्रानं सुरी न थांबवता सांगितलं. जिवंतांची नावं घरांप्रमाणे, रस्त्याच्या एका टोकापासून. मेलेल्यांची नावं मात्र घराण्याप्रमाणे नाहीत, थडग्यांप्रमाणे. कारण पितरांच्या दिवशी फादर धूपदान घेऊन दफनभूमीत रांगेनं फिरतात, आणि ज्या थडग्यासमोर उभे राहतील त्याचंच नाव तोंडी यावं लागतं. आधी रोगोझची दफनभूमी, मग तलावापलीकडच्या ओस्त्रोवा वस्तीची. बुडालेल्यांना थडगं नसतं, म्हणून त्यांची नावं सगळ्यात शेवटी, वेगळी.

“मग पामफिलला मेलेल्यांत घालायचं तर तू कुठं घातलं असतंस?”

“बुडालेल्यांत. दुसरं कुठं?” रुक्सांद्रानं मान वर केली. “का? कुठं घातलंय त्याला?”

प्रोफिरा उठलीच. उत्तर द्यायलाही थांबली नाही.

४

“ती नोंद पूर्ण उघड,” तिनं लुचियानला सांगितलं.

“पाहिली ना मघाशी?”

“मघाशी तू वरची ओळ दाखवलीस. मी छत्तीस वर्षं लिफाफे पाहिलेत बाळा, आत काय आहे ते लिफाफ्यावर कधीच नसतं. उघड.”

लुचियानच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं एक बटण दाबलं आणि चार वाजून दहा मिनिटांच्या त्या एका नोंदीतून ओळीमागून ओळ खाली उतरायला लागली. पामफिल एका यादीतून काढलेला, दुसरीत घातलेला. त्याशिवाय तेवीस नवी नावं. प्रोफिरानं चष्मा पुसून एकेक वाचलं. सगळी ओस्त्रोवा वस्तीची. इटलीत गेलेली नातवंडं, नवी बाळं, गेल्या हिवाळ्यात गेलेल्या दोन म्हाताऱ्या.

“एका मिनिटात चोवीस नावं,” ती म्हणाली. “रुक्सांद्राला किती हात आहेत?”

लुचियाननं कीबोर्ड बाजूला सारला.

मग तिनं त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. एका हिवाळ्यात कालवा एकोणीस दिवस गोठला होता. ओस्त्रोवाच्या पेटीत लोक पत्रं टाकत राहिले आणि बर्फ फुटल्यावर सगळी एकाच सकाळी तिच्या टेबलावर आली. तिनं सगळ्यांवर एकाच तारखेचा शिक्का मारला. त्यावरून एका नवरा-बायकोत केवढं भांडण झालं, कारण नवऱ्याचं पत्र त्याच्या आजाराच्या पहिल्या दिवशीचं आणि शिक्का शेवटच्या दिवसाचा; बायको म्हणे, इतके दिवस कळवलं का नाही. “शिक्का टपालकचेरीत बसतो. पत्र लिहिलं जातं ते दुसरीकडंच. आता मला नीट सांग. नेट नसताना फादरांच्या टॅबलेटवर लिहिता येतं की नाही?”

“येतं,” लुचियान खाली बघत म्हणाला. “मीच तशी सोय करून दिली होती. लिहिलेलं टॅबलेटमध्ये पडून राहतं. नेट मिळालं की जाऊन मिळतं. आणि नोंदीत वेळ पडते ती...”

“पोचल्याची.”

“हो, काकू.”

“आणि हे तुला सकाळपासून माहीत होतं.”

त्याला तिथंच बसवून प्रोफिरानं पुन्हा यादीकडं पाहिलं. आता प्रश्न वेळेचा राहिला नव्हता. पामफिलचं नाव बुडालेल्यांत नव्हतं, रोगोझच्या दफनभूमीत बापाशेजारीही नव्हतं. ते होतं ओस्त्रोवाच्या तिसऱ्या रांगेत, अनिसिया आणि मित्रोफान यांच्या मधोमध.

ज्यानं ते लिहिलं, त्याला पामफिल कुठं पुरलाय ते ठाऊक होतं.

५

ओस्त्रोवाला मंगळवारी दोघंच गेले होते, फादर इरिमिया आणि त्रिफोन. शनिवारी फादरांना रोगोझ सोडता येत नाही, म्हणून तिथल्या पितरांची प्रार्थना गुरुवारीच उरकतात. तलावावर वारा उठला आणि दोघं शुक्रवारपर्यंत अडकले.

फादरांनी सगळं सरळ सांगितलं. टॅबलेट त्यांच्या पिशवीत असे, पण टाइप करायचा त्रिफोन. “माझी बोटं बघ. एक अक्षर दाबायला गेलो तर तीन उमटतात.” दफनभूमीत नावं वाचली तीही त्रिफोननंच, फादर पुढं धूप दाखवत चालले होते, आणि वाऱ्यात मागचं काही ऐकू येत नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी टॅबलेटची बॅटरी संपली. वस्तीवर वीज नाही. शुक्रवारी चारच्या सुमारास धक्क्यावर उतरल्यावर सामान काढेपर्यंत त्यांनी तो तिकीटखिडकीत चार्जिंगला लावला होता.

“धक्क्यावर,” प्रोफिरा म्हणाली. “नेटच्या टप्प्यात. आणि फादर, तिसऱ्या रांगेत अनिसिया आणि मित्रोफानच्या मध्ये काय आहे?”

फादरांनी मनातल्या मनात रांग मोजली. “एक उंचवटा आहे. क्रूस नाही, नाव नाही. मी चार वर्षांपूर्वी या गावात आलो तेव्हाच त्यावर गवत माजलेलं होतं. मी विचारलं होतं. त्रिफोन म्हणाला, ती जागा रिकामीच आहे.”

बोलता बोलताच त्यांचा हात छातीवरच्या क्रूसाकडं गेला.

प्रोफिराला आनंद व्हायला हवा होता. पोरगी सुटली होती. पण ज्या आवाजानं तिला आयुष्यभर देवाजवळ नेलं, त्याच आवाजाच्या दाराशी आता तिला जायचं होतं.

६

त्रिफोन जाळ्यांच्या शेडमध्ये बसला होता. हातात जाळं होतं, सुई होती, पण एकही गाठ मारलेली नव्हती.

“ये ताई,” तो म्हणाला. “सकाळपासून वाट बघतोय, कोण येतंय त्याची. तू आलीस ते बरं झालं.”

तिनं सगळं मांडलं. तेवीस नावं, चार वाजून दहा मिनिटं, तिसरी रांग. शेवटी म्हणाली, “आणि तुझा सूर. नाव यायच्या आधी चिरकला. अनिसियानंतर काय येऊ शकतं, ते त्या चर्चमध्ये एकाच माणसाला माहीत होतं.”

त्रिफोननं सुई खाली ठेवली. मग तो थांबत थांबत बोलत गेला. पामफिल बुडाला त्या दिवशी जाळी काढायची पाळी खरं तर त्रिफोनची होती. आदल्या रात्री एका लग्नात तो गाऊन आणि पिऊन आला होता, उठवेना. पामफिल म्हणाला, झोप तू दादा, मी जातो. वसंतात ओस्त्रोवाजवळच्या लव्हाळ्यांत त्रिफोनलाच तो सापडला. सावेता तेव्हा अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरनं बजावलेलं की धक्का बसला तर वाचणार नाही. वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या राखणदाराला घेऊन त्यानं पामफिलला पुरलं आणि ठरवलं, ती उठली की सांगायचं. ती उठली आणि थेट चर्चमध्ये आली, माझ्या पोरासाठी उदंड आयुष्य गा म्हणून. तो गायला. राखणदारही पुढं वारला. आठवडाभरात सांगू म्हणता म्हणता सहा वर्षं झाली.

“मेलेल्याला कुणी मेलेल्यांत बोलावलंच नाही, ताई. सहा वर्षं तो दाराबाहेर उभा. आणि दार लावून धरणारा मी. गुरुवारी म्हटलं, एकदा, फक्त एकदा त्याच्या मातीपाशी त्याचं नाव घेऊ. पण तिथं टॅबलेटवर आहे तेवढंच वाचायचं, हा फादरांचा नियम. म्हणून लिहिलं.”

“जिवंतांतून काढलंस का मग?”

“एकच माणूस दोन्हीकडं कसा लिहू? देवासमोर वाचायचं असतं ते.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “होडीत परत जागच्या जागी ठेवणार होतो. पण ते मशीन बंद पडलं. मला वाटलं, तिथं नेट नाही, मशीनही विझलं, म्हणजे लिहिलेलं बुडालं. वाटलं, पण खात्री नव्हती. अनिसियाचं नाव आलं आणि सूर सुटला.”

“आणि रुक्सांद्राचं नाव घेतलं गेलं तेव्हा?”

त्यानं जाळं मांडीवरून खाली सारलं. तेव्हा गप्प बसल्याची त्यानं माफीही मागितली नाही.

“बोट बाराला सुटते, त्रिफोन.”

“सकाळी सांगतो,” तो म्हणाला.

पण रविवारी सकाळी घंटा झाली, फादरांनी प्रार्थना सुरू केली, आणि गायकाची जागा रिकामी होती.

७

प्रोफिरा सणाच्या प्रार्थनेतून उठून गेली, जन्मात पहिल्यांदा. जाळ्यांची शेड उघडी होती, आत कुणी नाही. त्रिफोनची होडी खुंटीला नव्हती. तशीच ती सावेताच्या घराकडं निघाली, पळत म्हणता येणार नाही, पण सदुसष्टाव्या वर्षी जेवढं जमेल तेवढं.

होडी सावेताच्या परसातल्या काठाला लागलेली होती. त्यात नवा, अजून लाकडाचा वास येणारा क्रूस आडवा ठेवलेला. अंगणात बांधलेल्या ट्रंकेशेजारी त्रिफोन गुडघ्यांवर बसला होता आणि सावेता पायरीवर. रुक्सांद्रा दारात उभी होती, प्रवासाच्या कपड्यांत. सांगून झालं होतं, हे तिघांच्या तोंडाकडं पाहूनच कळत होतं.

सावेतानं विचारलं, “थंडीनं गेला का रे, की पाण्यानं?”

“माहीत नाही. पण डोळे मिटलेले होते. खोटं आता एकही सांगणार नाही.”

सावेता उठली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात टोपली होती. प्रार्थना संपवून फादर पोचले, टॅबलेट पिशवीत घालून. सोमवारी तुल्चा शहरातल्या पोलिसांत आपण स्वतः त्रिफोनला घेऊन जाऊ, असं ते प्रोफिराला हळूच म्हणाले. मग पाचही जण होडीत बसले. वल्ही त्रिफोनच्या हातात होती. तलाव ओलांडताना बारा वाजले आणि मागं लांब कुठंतरी मोठ्या बोटीचा भोंगा झाला. रुक्सांद्रानं मान वळवली. सावेतानं वळवली नाही, पण सुनेच्या मनगटावर हात ठेवला आणि पलीकडचा काठ येईपर्यंत तो काढला नाही.

तिसऱ्या रांगेत, अनिसिया आणि मित्रोफानच्या मध्ये, त्यांनी गवत उपटून क्रूस रोवला. सावेता त्या उंचवट्यापाशी बसली, झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी मातीवरून हात फिरवत राहिली. फादरांनी टॅबलेट उघडला. तिथं नेट नव्हतं, यादी होती. पामफिलचं नाव इथून दुसरीकडं हलवायचं का, असं त्यांनी डोळ्यांनीच विचारलं.

“राहू दे,” सावेता म्हणाली. “जागा बरोबर आहे.”

मग तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. आत नवा मग नव्हता. निळ्या काठाचा, कान तुटलेला तो जुनाच मग होता. तिनं त्यात वाइन भरली, मेणबत्ती लावली आणि तो दोन्ही हातांनी रुक्सांद्रापुढं धरला.

“पामफिलच्या नावानं,” ती म्हणाली. “घे पोरी.”

रुक्सांद्रानं घेतला. “देव त्याला शांती देवो, आई,” ती म्हणाली, जसं म्हणतात तसं. आणि ‘आई’ला कुणी अडवलं नाही.

त्रिफोन रांगेच्या टोकाशी, सगळ्यांपासून दूर, टोपी हातात घेऊन उभा होता. सावेतानं त्याच्याकडं न बघताच हाक मारली.

“त्रिफोन. सहा वर्षं माझ्यासमोर तू त्याला उदंड आयुष्य दिलंस. आता बरोबर ते गा.”

‘स्मरण चिरंतन राहो’च्या पहिल्या दोन शब्दांना त्याचा आवाज नुसताच फाटला. तिसऱ्याला लागला. प्रोफिरानं खांब शोधला, इथं खांब नव्हता, म्हणून ती तशीच उभी राहिली, डोळे मिटून.